घामपट्टीखालच्या तीन ओळी

मित्रांनो, मी एक जुनी लष्करी टोपी आहे. जर्मन सैन्याची, आणि तीही जर्मनांनीच जगावर लादलेल्या त्या युद्धातली. तेव्हा माझ्याकडे फार कौतुकाने पाहू नका. कौतुक करणारे मला पुष्कळ भेटले, आणि त्यांच्यापैकीच एकाने माझा घात केला.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. १९४४ च्या पानगळीत तुकडीच्या थीले नावाच्या शिंप्याने मला एका फाटक्या तंबूच्या कापडातून बेतले. कापडावर हिरवे-तपकिरी कोनदार तुकडे आणि त्यांवर पावसासारख्या बारीक रेघा होत्या, झाडीत माणूस दिसू नये म्हणून. ज्या सैनिकाचा तो तंबू, त्याला त्याच कापडात गुंडाळून पुरले होते. उरलेल्या तुकड्यात मी झाले. थीलेने आतून राखाडी घामपट्टी शिवली आणि मला एकार्ट वेसेलच्या हातात ठेवले.

"टोपी टिकेल. डोकं किती दिवस टिकतं बघू," थीले म्हणाला.

एकार्ट सतरा वर्षांचा होता. मी त्याला मोठी व्हायचे, कानांवर उतरायचे, म्हणून तो घामपट्टीत वर्तमानपत्राची घडी कोंबायचा. झोपेत तो मला छातीशी धरायचा. मला ते आवडायचे, हे कबूल करते.

पुढच्या एप्रिलात युद्ध हरल्यातच जमा होते. तुकडीतले तिघे रात्रीतून घराची वाट धरून निघाले आणि दुसऱ्याच दिवशी पकडून आणले गेले. अधिकाऱ्याने त्यांना वीटभट्टीमागे उभे केले. गोळ्या घालायला सहा जण निवडले, ते त्यांच्याच बरोबरीचे. एकार्ट त्यात होता. त्याने मला डोळ्यांवर ओढून घेतले, पण बंदूक खाली ठेवली नाही. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

संध्याकाळी त्याने माझी घामपट्टी उलटी केली. तिथे त्याचे नाव आधीच होते. त्याखाली तो पेन्सिलीने लिहू लागला. शेजारी ल्यूडर्स नावाचा त्याचा सोबती बटाटा सोलत होता.

"काय खरडतोयस रे?"

"नावं. तिघांची. आणि त्यांच्या गावांची. घरी पोचलो तर त्यांच्या आयांना सांगीन, पोरं कुठं पुरलीत ते."

"आणि मारलं कुणी, तेही सांगशील?"

एकार्टने तिसरी ओळ पूर्ण केली आणि पट्टी परत आत वळवली. मला वाचता येत नाही, मित्रांनो. ती नावे कोणती होती, ते मला त्या दिवशीही कळले नाही.

चार दिवसांनी एका शेताच्या चरात तोफगोळा पडला आणि एकार्ट संपला. शेतमालकिणीने त्याला तिथेच मूठमाती दिली आणि मला घरी नेले. माझ्यात ती अंडी गोळा करायची. मी युद्धापेक्षा त्या कामाला जास्त लायक होते. मग माझा कोंबड्यांचा काळही संपला आणि मी तळघरातल्या खिळ्यावर कित्येक वर्षे बुरशी खात लटकले. बाई गेल्यावर घर रिकामे झाले. खोक्यातून जुन्या बाजारात, बाजारातून डेटलेफ ब्रांडिसच्या टेबलावर, असा माझा प्रवास झाला.

डेटलेफ म्हणजे नाटकांचे कपडे शिवून निवृत्त झालेला माणूस. नवे कापड जुने दिसावे कसे आणि जुन्याला उभारी द्यावी कशी, दोन्ही त्याला जमायचे. असल्या टोप्या तो जमवायचा आणि दुरुस्त करायचा. कसर मरावी म्हणून त्याने मला तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवले, मटारच्या पाकिटांशेजारी.

"एक दिवस तुलाच आत ठेवते," त्याची बायको झिल्के म्हणाली. "निदान तू तरी टिकशील."

डेटलेफने माझे फोटो काढून संग्राहकांसाठी इंटरनेटवर टाकले. घामपट्टीचा काठ बोटभर उचलून त्याने एकार्टचे नाव दाखवले. अक्षरे राखाडी होती. साधी पेन्सिल, ती पाण्याने जात नाही, असे त्याने गृहीत धरले. पण त्या काळी सैनिकांकडे कॉपिंग पेन्सिल असायची. ती कोरडी असते तोवर राखाडी दिसते आणि पाणी लागले की जांभळी होऊन वाहते. कोपऱ्यात ओले बोट लावून बघायचे, एवढेच त्याला करायचे होते. इतरांना तो हेच शिकवायचा. पण शनिवारी संग्राहकांचा मेळावा होता आणि मला बुरशीचा वास येत होता. त्याने मला कोमट पाण्यात बुडवले.

पाणी जांभळे झाले. त्याने घाईने घामपट्टी उसवली. एकार्टच्या नावाच्या आणि खालच्या तीन ओळींच्या जागी नुसते डाग होते. डेटलेफ खुर्चीत बसून राहिला. मेळाव्याला तो गेला नाही.

सोमवारी फोन वाजला. फोटो पाहून इर्मट्राउड बोडे नावाच्या बाईंनी केला होता. त्या एकार्टच्या धाकट्या बहीण, वय चौऱ्याऐंशी. भाऊ बेपत्ता, एवढेच त्यांना आजवर ठाऊक होते.

"नावाखाली आणखी काही लिहिल्यासारखं दिसतंय. आहे ना?"

"आहे," डेटलेफच्या तोंडून निघून गेले. "या तुम्ही, दाखवतो."

झिल्केने कपाळाला हात लावला. "अरे, फोनवरच सांगून मोकळा झाला असतास."

"म्हातारी बाई आहे गं ती. काय सांगू, भावाचं अक्षर धुऊन टाकलं म्हणून?"

मग त्याने पेटीतून एक जुनी कॉपिंग पेन्सिल काढली. फोटो समोर ठेवून त्याने एकार्टचे नाव पुन्हा उमटवले. खाली तीन ओळी लिहिल्या, कोरडी चहापूड चोळून मळवल्या, बोटाने पुसट केल्या. हात सराईत होता. मी कापड, मी काय अडवणार?

रविवारी बाई आल्या. झिल्केने आलूबुखारचा केक मांडला आणि ती बाहेर निघून गेली. बाईंनी भिंग काढून मोठ्याने वाचले. *आई, मी घरी येतोय. काळजी करू नकोस. तुझा एकार्ट.*

त्यांनी भिंग खाली ठेवले.

"आई त्रेचाळीस सालीच गेली, ब्रांडिस. तिच्या शवपेटीला खांदा द्यायला एकार्ट होता. मी पाच वर्षांची होते, पण मला आठवतं."

डेटलेफने केककडे नेलेला हात मागे घेतला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी. तुम्हाला बरं वाटेल असं वाटलं."

"आणि त्यानं काय लिहिलं होतं?"

"माहीत नाही. वाचायच्या आधीच मी टोपी धुतली."

बाईंनी भिंग पिशवीत टाकले. "इतकी वर्षं मी काहीच न कळता काढली," त्या म्हणाल्या. "त्याची सवय झाली होती हो मला. आता एकार्ट आठवला की तुमचं अक्षर आठवणार."

त्यांनी कोट चढवला. मला हातही न लावता त्या निघून गेल्या. केक तसाच राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरीही जुन्या वस्तू असतील. त्यांना ऊन-पाण्यापासून जपा, कसरीपासून जपा, आणि तुमच्या हौसेपासूनही जपा. डाग दिसला तर काढण्याआधी तो कशाचा आहे ते शोधा. चूक झालीच तर ती सांगून टाका. आमच्या तोंडी गोड शब्द घालू नका. मी चांगल्या माणसाची टोपी होते की वाईट, ते माझे मला कळत नाही. पण ज्याने गोळी झाडली, त्यानेच त्या तिघांची नावे जपून ठेवली होती, आणि ती माझ्याकडे होती.

वीटभट्टीमागे ती पोरे अजून तशीच आहेत. त्यांच्या घरी कुणी कळवलेले नाही.