मागचा टायर

“होडीला पाठ दाखवलीस ना, मंग ह्या धक्क्याव पाय ठेवू नको.”

मोटरसायकलचं मागचं चाक सैल होऊन हातात आलं, तेव्हा जीवनच्या कानात तोच आवाज पुन्हा वाजला. चार वर्षं झाली होती त्याला. ज्यांचा तो आवाज, ते काशिराम नाखवा या घडीला दुकानाच्या दाराशी स्टुलावर बसले होते आणि जुन्या टायरांच्या ढिगाकडे असे बघत होते, की तीन हातांवर आपला मुलगा वाकून काम करतोय हे त्यांच्या गावीच नाही.

पनवेलमधलं हे दुकान मुश्ताकभाईंचं. होडी धक्क्यावर आपटू नये म्हणून तिच्या अंगाला जुने टायर बांधतात. उरणच्या कोळीवाड्यात ते तीस वर्षं इथूनच जात. आजही नाखवा त्यासाठीच आले होते. निदान गुणाबाईने नवऱ्याला घरातून पाठवताना तसंच सांगितलं होतं. मुलाला फोनवर तिने सांगितलं ते वेगळं होतं.

“बाराला जा. ते असतील तिथं. फुडचं तुमी दोघा बघा. माझा जीव दमला.”

परवा पहाटे जीवन मंगळूरला निघणार होता. होडी सोडून धरलेली द्रोणागिरीच्या कंटेनर गोदामातली नोकरी सुटली होती आणि तिकडच्या बंदरात त्याहून बरी जागा मिळाली होती. बायको आणि लेक रेल्वेने पुढे जाणार, तो मोटरसायकलने मागून. साडेआठशे किलोमीटर. एकदा गेल्यावर येणं कधी होईल ते सांगता येत नव्हतं. त्याआधी बाबांनी आपल्याशी एक शब्द बोलावा, शिवी असली तरी चालेल, एवढंच त्याला हवं होतं.

“बोला जीवनशेठ,” मुश्ताकभाईंनी फडक्याला हात पुसले. “कसा पाहिजे टायर? टिकणारा की धरणारा?”

“दोन्ही.”

“जावई पण सगळ्यांना तसाच पाहिजे असतो.”

आत जाऊन त्यांनी तीन टायर आणले आणि फरशीवर ओळीने उभे केले. पहिल्यावर थाप मारली. “हा दगड. झिजायचं नाव नाही. पण घाटात ओला रस्ता लागला, की मग अल्लामालिक.” दुसऱ्यावर नुसता हात ठेवला. “हा गुळासारखा चिकटतो. पण सिमेंटचा हायवे याला खाऊन टाकतो. मंगळूरला पोचशील, परत यायला दुसरा लागेल. आणि हा तिसरा, स्पोर्ट टूरिंग. मधला रबर कडक, सरळ रस्त्याला झिजत नाही. कडेचा मऊ, वळणाला धरून ठेवतो.”

“मुश्ताक,” दाराशी बसलेल्या नाखव्यांनी टायरांच्या ढिगालाच सांगितलं, “त्याला इचार, पावसात जानार काय.”

मुश्ताकभाईंनी जीवनकडे पाहिलं. “नाखवा विचारतायत, पावसात जाणार काय.”

“सांगा त्यांना, रत्नागिरीच्या खाली अजून पाऊस आहे.”

“रत्नागिरीच्या खाली... अरे, मी काय वायरलेस आहे काय तुम्हा बापलेकांमधला? तीन हातांवर बसलायत!”

कोणी हसलं नाही. जीवन पुसलेला पाना पुन्हा पुसत राहिला.

“सामान किती नेनार, ते पन इचार,” नाखवा म्हणाले.

“दोन बॅगा,” जीवन पान्याकडे बघत म्हणाला.

नाखवा उठले. तिसऱ्या टायरापाशी उकिडवे बसून त्यांनी अंगठ्याने त्याचा मध्य दाबला, मग कड दाबली. नवं जाळं हातात आलं, की गाठी अशाच दाबून बघायची त्यांची रीत होती. “दोन रबर म्हनजे जोड आला. जोड उसवत नाय?”

“भट्टीत एकजीव होतात, नाखवा. पण थांबा, जुना बघितल्याशिवाय मी नवा देत नाही. डॉक्टर पण आधी जीभ बघतो.”

त्यांनी मागच्या चाकावरून जुना टायर उतरवला, उजेडाला धरला आणि हळूहळू फिरवला. “मध्ये सपाट. रोजचा सरळ रस्ता, घर ते गोदाम. हे बरोबर. पण हे काय? सगळीकडे बारीक कापे. आणि खाचांमध्ये पांढरं काय अडकलंय? खडी नाही ही. जातोस तरी कुठे, बाबा?”

“असेल काहीतरी.” जीवन वळला आणि हातातच असलेला पाना शोधू लागला.

नाखव्यांनी टायर मुश्ताकभाईंच्या हातातून घेतला, मांडीवर घेतला. खाच रुंद करून नखाने एक तुकडा उकरला. तळहातावर घेऊन त्यावर अंगठा फिरवला, तशी मातीखालून दुधाळ चमक वर आली. कालवाचं शिंपलं. त्यांनी दुसरं उकरलं. मग तिसरं. हे शिंपलं कुठलं, ते त्या दुकानात दोघांना ठाऊक होतं. कालवं फोडून बायका शिंपलं टाकतात ती जागा त्यांच्या कोळीवाड्यात एकच, जुन्या धक्क्याच्या टोकाशी. पुढे रस्ता नाही. पुढे खाडी, आणि परतणाऱ्या होड्या.

मुश्ताकभाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली.

“जोहरची नमाज पढून येतो. तोवर टायर ठरवा. गिऱ्हाईक आलं तर बसवून ठेवा, आणि माझ्या दुकानात भांडू नका.”

ते पायऱ्या उतरून गेले. समोरून न्हावा शेव्याकडे एकामागून एक ट्रेलर जात होते. प्रत्येकासरशी फरशीवरचे टायर अंगातल्या अंगात थरथरत आणि पुन्हा स्थिर होत. मोटरसायकल एका चाकाविना स्टँडवर अडकलेली. उठून जायला दोघांपैकी कोणालाही निमित्त नव्हतं.

“हा घे,” नाखव्यांनी तिसऱ्या टायरावर हात ठेवला. “पावसात धरंल.”

जीवनला क्षणभर कळलंच नाही, की हे आपल्याला म्हटलं गेलं. मध्ये कोणी नव्हतं.

“बरं,” तो म्हणाला.

आणखी दोन ट्रेलर गेले. बाबा मान खाली घालून शिंपलं उकरतच होते, जणू सगळा टायर आजच मोकळा करायचा होता.

“शनवारी यायचो,” जीवन म्हणाला. चार वर्षांत गोदामातली शहरी भाषा जिभेवर बसली होती, ती कुठे गेली कोण जाणे. “रातपाळी सुटली का सरळ तिकडं. तुमची होडी यायच्या टायमाला. हेल्मेट काढायचो नाय. तुमी बोललाव, पाय ठेवू नको. मंग स्टँड लावून गाडीवरच बसून राहायचो. पाय नाय टेकवला मी.”

नाखव्यांचं नख खाचेतच थांबलं.

“होडी लांबनंच दिसायची. पानी कापत यायची, नि मंग थांबायची. धक्क्याला लागायचीच नाय.” तो हसल्यासारखा झाला. “आय जाळं विनताना म्हनायची ना,

दर्याचं पानी येतं गो, जातं,
थांबलं मानूस खारं होतं.

ते म्हनत बसायचो. वाटायचं, बंदराच्या भरावानं गाळ भरलाय, बाबा भरतीची वाट बघतात. ऊन तापलं का निघायचो. तिथी मोजायला तुमीच शिकवलंत मला, लहानपनी. कुठल्या तिथीला किती पानी. पन शनवारी मी तिथी मोजायचो नाय. मुद्दाम.”

त्याने पाना खाली ठेवला. लोखंडाचा आवाज फरशीभर झाला.

“गाळच हाय ना तिथं, बाबा?”

नाखव्यांनी टायर मांडीवरून उतरवून बाजूला कलता ठेवला, लुंगीवर पडलेले तुकडे एकेक करून वेचले आणि मुठीत धरले. मूठ नीट मिटत नव्हती. बोटं वर्षानुवर्षं दोर ओढून अर्धीच मिटायची.

“हेल्मेट घातलं म्हनून मानूस लपतं काय रं?” ते म्हणाले. “तुझा आजा असाच बसायचा, एक खांदा पाडून. पयल्याच शनवारी वळखलं मी.”

जीवन त्यांच्याकडे बघत राहिला. ते अजून त्याच्याकडे बघत नव्हते.

“खलाशी इचारायचे, नाखवा, कशाला थांबलो? मासळी तापते. मी बोलायचो, गप बसा.” त्यांनी मूठ गुडघ्यावर टेकवली. “तू गाडी वळवलीस, का मी इंजिन चालू करायचो.”

“मंग का नाय आलाव?”

“आलो असतो, तर काय तरी बोलाया लागलं असतं.”

रस्त्यावरची वर्दळ मध्येच कुठेतरी तुटली आणि नाखव्यांच्या मुठीत शिंपलं करकरलेलं ऐकू आलं. त्यांनी मान वर केली. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग तिथून नजर काढायला त्यांना जमेना.

“गाळ नाय तिथं, जीवन,” ते म्हणाले. “पानी होतं. दर खेपेला पानी होतं.”