गॅलरीतली कॉफी

परळच्या त्या चार मजली चाळीत कमिटीची मीटिंग दर रविवारी सकाळी तळमजल्याच्या हॉलमध्ये भरायची आणि कॉफी रमाबाई सावंतांच्या घरून जायची. नवरा मिलमध्ये होता, कमिटीतही होता, तेव्हापासूनची ही पद्धत. तो गेल्यावर खोली रमाबाईंच्या नावावर झाली, पण मीटिंगचं बोलावणं त्यांना कधी आलं नाही. निरोप तेवढा यायचा, "वहिनी, कॉफी पाठवा. जायफळ जरा जास्त."

चाळ पाडून टॉवर उभा राहणार होता. करारावर सह्या घ्यायचं कमिटीने ठरवलं होतं.

त्या रविवारी कप भरता भरता त्यांची सून दर्शना म्हणाली, "आई, ही कॉफी एके काळी डेंजर समजायचे. तुर्कस्तानात एका सुलतानाने कॉफी पिणाऱ्यांना मारून टाकलं म्हणतात. इंग्लंडच्या राजाने तर कॉफीची दुकानंच बंद करायचा हुकूम काढला. लोक इतके भडकले, की अंमल व्हायच्या आधीच त्याला तो मागे घ्यावा लागला."

"कॉफीने त्याचं काय बिघडवलं?"

"कॉफीने नाही. तिथे बसून माणसं राज्यकारभारावर बोलायची, ते त्याला खुपलं. बायकांना मात्र तिथेही बसू देत नसत."

रमाबाईंनी ट्रे उचलला, पण जिन्याकडे गेल्या नाहीत. बाहेर गॅलरीत स्टुलावर ठेवला आणि शेजारच्या अपेक्षाला हाक मारली. "ये गो, कॉफी घे." पोळीभाजीचे डबे करणारी तुळसाही आली. खालून कुणीतरी ओरडून विचारलं, तेव्हा रमाबाईंनी वरूनच सांगितलं, "आज नाही."

गप्पांत टॉवरचा विषय निघाला.

"बांधकाम होईपर्यंत आपल्याला मुलुंडच्या पलीकडे ठेवणार, असं हे म्हणत होते," अपेक्षा म्हणाली. तिचा नवरा कमिटीत होता.

"मला तर जवळच, वडाळ्याला म्हणून सांगितलं," तुळसा म्हणाली. "म्हणून तर मी हो म्हटलं. माझे डबे सगळे परळचे."

"आणि आम्हाला सांगितलं, अजून ठरलंच नाही," दर्शना म्हणाली.

पुढच्या रविवारी गॅलरीत बसायला जागा उरली नाही. त्यानंतर अध्यक्ष हेमचंद्र यांनी फळ्यावर सूचना लिहिली, 'गॅलरीत घोळका करून बसू नये. येण्याजाण्यास अडथळा होतो.'

रमाबाईंनी ती वाचली. रविवारी त्या कॉफीचं पातेलं घेऊन थेट हॉलमध्ये गेल्या. मागोमाग बाकीच्या. खुर्च्यांवर बसल्या.

"वहिनी, इथे मीटिंग आहे," हेमचंद्र म्हणाले.

"म्हणूनच आलो. वर अडथळा होतो ना?"

"बरं, कॉफी ठेवा तिथे. आम्ही घेऊ."

"ही आमची आहे."

"हे पाहा, तुमच्या घरच्या पुरुषांशी आमचं बोलणं झालंय."

"माझ्या घरचा पुरुष फोटोत आहे. खोली माझी, सही माझी. करार वाचा."

अपेक्षाचा नवरा उठला. "अपेक्षा, घरी चल."

तिने कपातला एक घोट घेतला. "संपली की येते," ती म्हणाली आणि बसून राहिली.

हेमचंद्रांनी कायद्याची भाषा कठीण असते वगैरे सांगून पाहिलं. दर्शनाने हात पुढे केला तेव्हा कागद द्यावाच लागला. तिने मोठ्याने वाचून मराठीत सांगितलं. तात्पुरती जागा मुंबईत किंवा मुंबईबाहेर, कुठेही. बिल्डर दाखवेल तिथे.

मग कमिटीतलेच म्हातारे बुधाजी म्हणाले, "हेमचंद्र, हे आम्हालाही सांगितलं नव्हतंस."

त्या दिवशी एकही सही झाली नाही. चाळीतल्या बऱ्याच खोल्या विधवांच्या नावावर होत्या, त्यांच्याशिवाय बिल्डरचं पान हलणार नव्हतं. तो स्वतः दोनदा आला, गोड बोलला, नंतर चिडला. पावसाळा संपता संपता त्याने वडाळ्यातल्या खोल्या लिहून दिल्या.

अपेक्षाचा नवरा मीटिंगनंतर कितीतरी दिवस तिच्याशी बोलला नव्हता. तीही बोलली नव्हती.