सुटलेली नाडी

गोपाळकृष्ण दातारांना हिंजवडीतल्या कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार मिळे. रविवारी ट्रायथलॉन क्लबात तेच काम ते फुकट करीत. पोहणं, सायकल, धावणं झालं की प्रत्येक हौशी खेळाडूला पहिल्या आलेल्याच्या तुलनेत गुण मिळत. दातार त्यांचा आलेख काढीत. त्यांचं मत ठाम होतं: माणूस हळूहळू सुधारतो, एकदम सुधारतो तो काहीतरी खातो. क्लबात बहुतेक जण एकदम बिघडतच, म्हणून हा नियम अजून कुणावर चालला नव्हता.

चालला तो प्रज्ञेश वासनिकवर. दातार गुडघा धरून घरी बसले आणि मागच्या दोन शर्यतींत प्रज्ञेशचे गुण एकदम भलतेच वाढले.

हा नागपूरचा मुलगा दातारांच्या निम्म्या वयाचा, आणि त्यांच्याशी आपणहून बोलणारा एकुलता एक माणूस. एरवी आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये "आत सरका" एवढंच कानी पडे, आणि सदाशिव पेठेतल्या फ्लॅटवर तेवढंही नाही. तीन वर्षं प्रत्येक शर्यतीत दोघे शेवटी शेजारी शेजारी धावत. तर्रीशिवाय पोह्यांना पोहे म्हणणाऱ्या पुणेकरांची प्रज्ञेश कीव करी. निम्म्या वयाच्या पोराच्या बरोबरीनं पळतो, हे दातारांनी ऑफिसात दोनदा सांगितलंही होतं.

"तुमचा दोस्त काय घेतो, विचारा," क्लबच्या सचिव सुनीती आपटे म्हणाल्या. "स्वस्त असेल तर आपण सगळेच घेऊ." मग चष्मा काढून म्हणाल्या, "तुमचा शेरा द्या, दातार. संशयास्पद म्हणालात तर त्याचं नाव काढावं लागेल."

दातारांनी फोन लावला.

"काही घेतोस का?"

"नाही, सर."

"मग वेग कुठून आला?"

"आला न, सर."

"कारण सांग. नाहीतर मला लिहावं लागेल."

"लिहा मग," प्रज्ञेश म्हणाला. "गुडघ्याचं काय म्हणतात डॉक्टर?"

दातारांना राग आला. 'संशयास्पद' लिहायला बसलेही. पण सवय वाईट. एकूण गुणांवर त्यांचा कधीच विश्वास नसे. त्यांनी शर्यतीचे तुकडे पाडले. पोहणं होतं तसंच. सायकल तशीच. फरक फक्त सायकल ठेवून बूट घालायच्या वेळात, आणि पुढच्या धावण्यात. पूर्वी याला बूट घालायला एवढा वेळ लागे, की तेवढ्यात चहा झाला असता.

मग त्यांना दिसलं. दरवेळी ते धापा टाकत सायकलवरून उतरत, तेव्हा प्रज्ञेश तिथेच खाली बसलेला असे. "नाडी सुटली, सर. चला."

तीन वर्षं एकच नाडी सुटत होती.

त्यांनी शेरा लिहिला: 'नवे गुण खरे. जुने खोटे. खेळाडू माझ्यासाठी थांबत असे.'

सुनीतीबाईंनी तो वाचला आणि त्या टोमणा मारायला विसरल्या. "एवढं लिहायलाच हवं का?"

"त्याशिवाय हिशेब जुळत नाही."

पुढच्या शर्यतीला दातार काठी टेकत बूट बदलायच्या जागी उभे राहिले. प्रज्ञेश सायकलवरून उतरला, पायात बूट सरकवले, आणि दातार दिसताच सवयीनं खाली वाकला.

"बांधलेली आहे," दातार म्हणाले. "पळ."

तो सरळ झाला. मग पळाला, आणि बघता बघता वळणाआड गेला. दातार रिकाम्या सायकलींच्या रांगेत उभे राहिले. इतका चांगला पळतो, हे त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिलं होतं. सांगायला शेजारी कुणी नव्हतं.