फुग्याची पैज

सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या चाळीत पैज लागली फुग्यावर. लोटूची हर्षदा आणि शेजारच्या भिकनची चंचल, दोघी सहा वर्षांच्या. जी फुगा मोठा फुगवेल तिचा बाप जिंकला. हरणाऱ्याने भर ओट्यावर मिशी उतरवायची. बाप जिवंत असताना मिशीला वस्तरा लावायचा नसतो, आणि दोघांचेही बाप गावी ठणठणीत. म्हणून तर मजा.

लोटू हरणारा गडीच नव्हता, कापडाच्या लूमवर कामाला असलेल्या सगळ्यांना टोप्या घालून झालेला. शिवाय त्याने बायकोला, शोभाबाईला, ऐकवलं होतं, पोरीने फुगा फुगवला की खोली बदलायचं नाव काढायचं नाही. चंचलच्या फुग्याला त्याने टाचणीने हळूच भोकही पाडून ठेवलं.

चंचल गावीच वाढलेली, यंदाच सुरतेत आलेली. फुसफुसता फुगा तिने लिंबाएवढा करून दाखवला. हर्षदाने दोनदा फुंकलं, आणि फुगा ओठातून गळाला. छाती शिट्टीसारखी वाजू लागली. शोभाबाईने तिला मांडीवर घेऊन दम्याची गोळी दिली.

भिकनने चंचलचा फुगा उजेडात धरला.

"भोक पाडूनही हरलास, लोटूभाऊ?"

कोणी हसलं नाही. लोटूला लाजही वाटेना. तो हर्षदाच्या वाजणाऱ्या छातीकडे बघत राहिला.

हर्षदा याच खोलीत जन्मली, ऐन थंडीत. मागची भिंत कापड रंगवायच्या मिलच्या बॉयलरला लागून, कायम कोमट. बाळंतिणीला शेगडी कशाला, मिल फुकट शेक देते, म्हणत लोटूने बाज भिंतीशी ओढली होती. ऊब यावी म्हणून त्या भिंतीतली वरची जाळीही उघडीच ठेवली होती. चाळभर फुशारकी मारली. संध्याकाळपर्यंत काजळीने दुपटी काळवंडायची, ती तो झटकून द्यायचा. पुढे डॉक्टर म्हणाला, तान्हेपणी छातीत धूर गेलाय, आता तरी खोली सोडा. लोटू म्हणाला, सर्दी आहे, जाईल.

निंबा न्हावी पेटी घेऊन ओट्यावर बसला. चाळ गोळा झाली. शेवटच्या खोलीतली सुभद्राबाई गर्दी बघून घाबरत आली.

"काय व्हयनं रे? तुना बाप गया का?"

"नाही मावशी. बाप जित्ता शे," लोटू म्हणाला.

वस्तरा गार लागला, तेवढंच लोटूला कळलं. अर्धी मिशी खाली पडली तेव्हा भिकन म्हणाला, जाऊ दे, पैज फिटली. निंबाने हात थांबवला.

लोटूने शोभाबाईकडे बघितलं.

"सामान बांध. आजच निघू," तो म्हणाला आणि निंबापुढे तोंड केलं. "उरलेली काढ."