काय दिसलं नाय

पोटाचा फोटो काढायचा आहे, एवढंच काळुरामने गावात सांगितलं होतं. नळी कुठून घालतात, हे सांगायची त्याची छाती झाली नाही. मिठागरावर शिवा म्हणाला, "फोटो काढतील तवा हस हां जरा." सगळे हसले, काळुरामही हसला. मग तो टमरेल घेऊन बांधाआड गेला आणि पुन्हा रक्त दिसलं तसा तिथेच बसून राहिला.

शिमग्यापासून हे चाललं होतं. आधी त्याने ते मिरचीवर ढकललं, मग उष्णतेवर. खाजणात उन्हाळ्याचं मीठ ओढणाऱ्याला उष्णता व्हायची नाही तर कुणाला? पण मनातली पाल वेगळंच चुकचुकत होती. त्याचा धाकटा भाऊ कान्हू असाच गेला होता. काय होतंय म्हणून विचारलं की म्हणायचा, "काय नाय." वर्षभर तेच. शेवटी मुंबईला नेला तेव्हा डॉक्टरांनी पोट उघडलं, बघितलं आणि तसंच शिवून टाकलं. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? काळुराम बाराव्याला कान्हूच्या फोटोसमोर उभा राहून चारचौघांत बोलला होता, "येड्या, तोंड व्हतं ना तुला? येकदा सांगायचं व्हतं."

म्हणून त्याने या वेळी बायकोला सांगितलं. बायजाबाईने दुसऱ्याच दिवशी त्याला पेणच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. तो म्हणाला, रोह्याच्या एका दवाखान्यात मुंबईचे मोठे डॉक्टर महिन्यातून एका रविवारी यंत्र घेऊन येतात, त्यांना आतून बघू दे. रोह्याला नाव नोंदवायला गेले तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी सगळं समजावून दिलं. "आदल्या दिवशी घट्ट काही खायचं नाही. पातळच घ्यायचं, अगदी पाण्यासारखं. आणि त्या दिवशी सकाळी काहीच खायचं नाही." काळुराम भिंतीवरच्या चित्रातल्या आतड्याच्या वेटोळ्यांकडे बघत होता. बायजाबाईने मात्र शब्द न् शब्द ऐकला.

त्या रविवारपर्यंतचे दिवस त्याने कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. जेवायला बसला की कान्हू आठवे. कुणी चेष्टा केली की तोंड तेवढं हसे. नळीची भीती होतीच, लाजही होती. पण खरी भीती डॉक्टरच्या तोंडाची होती. यंत्रातून बघून झाल्यावर तो मान वर करील आणि त्याचं तोंड कसं असेल? कान्हूच्या वेळी बाहेर आलेल्या डॉक्टरचं तोंड काळुरामने पाहिलं होतं.

आदल्या दिवशी जुलाबाची पुडी घागरभर पाण्यात कालवून प्यायची होती. पहिला पेला तोंडाला लावला तर खारट. "जलमभर मीठ काढलं," तो म्हणाला, "आता ता पोटात भरायचा." बायजाबाई हसली नाही. संध्याकाळपर्यंत त्याचे पाय लटपटायला लागले. डोळे खोल गेले. तिला ते बघवेना.

"थोडी पेज घ्या," ती म्हणाली.

"चालंल काय गो?"

"पातळ घ्या बोलल्या ना त्या? पेजंवानी पातळ काय असतं? ताप आलेल्या पोराला पन देतात."

चुलीवरून उतरवलेली गरम पेज, मिठाचा खडा टाकलेली. तो दोन वाट्या प्यायला आणि जिवात जीव आला. पहाटे निघतानाही तिने एक वाटी दिली.

पेणहून रोह्याची गाडी धरली. डबा मोकळाच होता. कासू गेलं, नागोठणं गेलं, आणि प्रत्येक स्टेशनाला उतरून परत फिरावं असं त्याला वाटलं. बायजाबाईने त्याचा हात पदराखाली धरून ठेवला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत तिने त्याचा हात कधी धरला नव्हता.

दवाखान्यात नर्सबाईंनी विचारलं, "मामा, सकाळी काही खाल्लं का?"

"नाय," काळुराम म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. पेज खात नाहीत, पेज पितात.

पुढचं त्याला अर्धवट आठवतं. सुई टोचली, कुशीवर वळायला सांगितलं, कुणीतरी गुडघे पोटाशी घ्या म्हणालं. कळ आली, थांबली, पुन्हा आली. मग डॉक्टर कुणावर तरी चिडले. त्याला उठून बसता आलं तेव्हा ते हात पुसत समोर उभे होते.

"मामा, काल काय खाल्लं होतं?"

"काय नाय. पेज."

"भाताची?"

"व्हय. पेज म्हंजे पानीच ना."

डॉक्टरांनी हातातला रुमाल खाली ठेवला. "आत सगळीकडे शितं आहेत," ते म्हणाले. "काही दिसलं नाही. पण एका जागेची मला शंका आहे, ती नीट बघायलाच हवी. पुढच्या महिन्यात परत या. टाळू नका. आणि पेजसुद्धा नको."

त्यांचं तोंड काळुरामने नीट बघितलं. त्याला ते ओळखीचं वाटलं.

बाहेर बाकावर बायजाबाई बसली होती. त्याला बघून ती उठली. "काय बोलले?"

"काय दिसलं नाय," काळुराम म्हणाला.

तो पुढे बोलणारच होता. शितं, शंका, पुढचा महिना, सगळं जिभेवर होतं. पण ती मटकन खाली बसली, पदरात तोंड घातलं आणि हमसून हमसून रडली. मग हात जोडून तिने गावदेवीचं नाव घेतलं. "काय दिसलं नाय," ती शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाली. "सगला साफ हाय." त्या बाईनेही हात जोडले.

गाडीत सांगू, असं त्याने ठरवलं. गाडीत ती म्हणाली, "मी पेज दिली म्हनून उभे तरी रायलात. नायतर तिथंच पडला असतात." आता हिला काय सांगायचं? तुझ्याच पेजेने घात केला म्हणून? उद्या काही वाकडं झालं, तर ती वाटी तिला जन्मभर सलत राहिली असती. आणि खरं सांगायचं तर ते तीन शब्द त्यालाही गोड लागले होते. पुन्हा महिनाभर वाट बघायची, पुन्हा ते खारट पाणी, पुन्हा ती गाडी. दुसऱ्यांदा तेवढं भ्यायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

घरी कान्हूची बायको मैना ओट्यावर वाट बघत होती. बायजाबाईने लांबूनच हाक मारून सांगितलं. मैना उठली, काळुरामच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "भावजी, तुमी तरी वाचलात." त्यानंतर सांगायला जागाच राहिली नाही. गावदेवीला नारळ फुटला. शिवाने मिठागरावर विचारलं, फोटो कसा आला? काळुराम म्हणाला, "कोरा."

रक्त थांबलं नाही. तो आता लांबच्या बांधापलीकडे जायला लागला.

महिना संपला, तो रविवार आला. त्या सकाळी तो नेहमीसारखा मिठागरावर गेला. उन्हं चढल्यावर बायजाबाई पेजेची कळशी घेऊन आली आणि बांधावर बसून त्याच्याकडे बघत राहिली.

"बारीक दिसता," ती म्हणाली. "काय व्हतंय काय?"

त्याने वर बघितलं. ती नवी चोळी घालून आली होती. महिनाभरात तिचं तोंड भरलं होतं, डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. तिला झोप लागत होती.

कान्हूच्या घरी, त्या शेवटच्या वर्षात, मैनासुद्धा अशीच हसतखेळत असायची. काळुरामला ते आज आठवलं. कान्हू येडा नव्हता.

"काय नाय," काळुराम म्हणाला आणि वाटीसाठी हात पुढे केला.