वीटभर वारा

"पाय दाखवा."

बिरूने पाय मेंढीच्या पोटाखाली अजून आत सारला. "पाय काय बघती बाई? तोंड बघ. जित्ता हाय."

आवडाबाई मेंढरांभोवतीची जाळी उचलून सरळ आत शिरल्या. पिशोरच्या आसपासच्या वाड्या त्यांनी नर्सची पिशवी खांद्याला लावून वीस वर्षं तुडवल्या होत्या. कुत्री त्यांच्यावर भुंकत नसत. म्हातारे त्यांना नाही म्हणत नसत. त्यांनी पाय ओढून काढला. धोंड्यासारखा गार.

"बोटं निळी पडलीत, बाबा."

"गुलालच लावायचा ऱ्हायला मग."

"ऐंशी वय तुमचं. अशा गारठ्यात उघड्यावर निजलात, तर एखाद्या सकाळी उठणार नाही."

बिरूने त्यांच्याकडे पाहिलं. "खोलीत निजून ती कुठं उठली?"

ती म्हणजे दगडाबाई. त्याची बायको.

*

गेला पौष. हीच वाडी. दगडाबाईला खोकला झालेला. चितेगावच्या कंपनीत लागलेल्या पोराने, सोनाजीने, नवी स्लॅबची खोली बांधलेली. आवडाबाईंनी बोटं मोजत सांगितलं होतं:

कानटोपी घाला.
कोमट पाणी प्या.
उन्हं वर आल्याशिवाय अंघोळ नको.
मेंढरांत नाही, खोलीत निजा. शेगडी ठेवा.

सून बानाबाईने सगळं केलं. वर खिडकीच्या फटीत चिंध्यांचे बोळे कोंबले. बाभळीचे निखारे, धुराचं नाव नाही. बिरू तेव्हा मेंढरांमागे रानात.

आवडाबाई कुडाच्या छपरात शेगडीशेजारी वाढलेल्या. छपराला हजार फटी असतात, स्लॅबला एकही नसते. सकाळी त्या खोलीत उभ्या राहिल्या आणि विझलेल्या शेगडीकडे बघताच त्यांना कळलं.

वाडी म्हणाली, वय झालं होतं, झोपेत गेली, नशिबाची. बिरू म्हणाला, खोलीनं खाल्ली. आवडाबाई काहीच म्हणाल्या नाहीत. त्यानंतर दारोदार "निजताना शेगडी बाहेर" सांगत फिरल्या. हे एक दार सोडून.

*

"खोलीनं नाही खाल्लं तिला, बाबा," आवडाबाई म्हणाल्या.

बानाबाई चहा घेऊन आली होती. ती तिथेच थांबली.

"कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांतून विषारी वायू सुटतो. वास नाही, रंग नाही. निजलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही. शेगडी ठेवा असं मी सांगितलं होतं. मला ठाऊक नव्हतं. त्या सकाळी कळलं, आणि तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही."

"शिस्टर, त्ये बोळे म्या…" बानाबाईने कपबशी खाली ठेवली.

"बोळ्यांचं राहू दे. शेगडी मी सांगितली."

बिरू मेंढीच्या पाठीवरची लोकर विंचरू लागला. नुसत्या बोटांनी. आवडाबाई उभ्याच होत्या. हाकलून दिलं तरी उद्या परत यायचं, हे त्यांचं ठरलं होतं.

"म्हंजी खोली वाईट नव्हं."

"नाही."

"नुस्ती कोंडली व्हती."

"हो."

"वरीसभर तिला शिव्या घातल्या म्या." तो गुडघ्यावर हात टेकून उठला. "बाने, पहार आण."

*

खोलीच्या भिंतीवर पहिले चार घाव बिरूने घातले. मग त्याला दम लागला आणि पहार आवडाबाईंनी घेतली. पदर खोचून, बाजेवर उभ्या राहून, छताखालची एक वीट त्यांनी खिळखिळी केली. ती बाहेर पडली तेव्हा मेंढरं दचकली.

बिरूने बाजेवर चढून भोकात हात घातला. वारा बोटांना लागला.

"आन् ऊब कशाची?"

"दोन घोंगड्या. मोजे. निजण्याआधी गरम भाकरी. शेगडी अंगणात."

"येक मेंढी घेतली आत, तर?"

"चालेल."

"मेंढी बी वारा सोडती, बाई. पर त्यो कळतो तरी."

बानाबाई वर्षभरात पहिल्यांदा त्या खोलीत हसली असेल. हसली आणि लगेच पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

बिरूने बाज कडेला, दाराजवळ ओढली. भोकाखाली, दगडाबाई निजली होती त्या जागी, उन्हाचा वीटभर तुकडा पडला होता. बाज हलवलेली बघून आवडाबाईंना बरं वाटलं. "शाब्बास. थेट वाऱ्याखाली निजायचं नाहीच."

"वाऱ्याचं नाय, बाई," तो घोंगडी झटकत म्हणाला. "ती जागा तिची हाय."