बिनखुणेची झाळ

मी एका जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाची टोपी बोलतेय. गॅरेजवाले मला ‘हेड’ म्हणतात, पण डोकं म्हणावं असं माझ्यात काही नाही. असतं, तर वेळीच तोंड उघडलं असतं.

जन्म ओतशाळेतला. वाळूच्या साच्यात लाल रस ओतला आणि मी झाले. पहिल्यापासून भित्री. इंजिनाच्या माथ्यावर बसवलं, तेव्हा खालचे धडाके ऐकून वाटायचं, आज काही आपली धडगत नाही. पुढे सवय झाली. भीती गेली नाही, फक्त तिचा आवाज इंजिनात मिसळला.

एका दुपारी इंजिनातलं पाणी आटलं. मालकाने घाईघाईने तापल्या इंजिनात गार पाण्याची अख्खी बादली रिकामी केली. मी अशी दचकले, की अंगावर वीतभर तडा गेला.

गॅरेजच्या मिस्त्रीकाकांनी मला तापवून तड्यात वितळलेल्या पितळेची झाळ भरली. त्यांची एक रीत होती. झाळलेल्या प्रत्येक वस्तूवर ते पंच ठोकून तीन ठिपके काढत. पुढच्याला कळावं, ही दुखणाईत आहे. पण मालक गयावया करू लागला, “काका, ठिपके नका ना मारू. उद्या विकायची वेळ आली तर कोण हात लावेल हिला?” काकांनी उचललेला हातोडा खाली ठेवला. मला तेव्हा केवढं बरं वाटलं! त्याचीच आज लाज वाटते.

पुढे तो ट्रॅक्टर मोडीत निघाला आणि मी जुन्या सुट्या भागांच्या दुकानात आले. दुकानदाराने मला घासलं, रंगवलं आणि चिठ्ठी बांधली: ‘अस्सल. कधीही दुरुस्ती नाही.’

ती वाचून एक ताई मला घरी घेऊन गेल्या. अंगणात त्यांच्या वडिलांचा त्याच बनावटीचा ट्रॅक्टर टोपी फुटून बंद उभा होता. खिडकीच्या आत वडिलांची खाट. ते आता उठत नव्हते, आणि फार दिवस नाहीत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचं मागणं एवढंच, “एकदा त्याचा आवाज ऐकव गं.”

मला बसवलं. ट्रॅक्टर सुरू झाला. “वा रे पठ्ठ्या!” वडील आतून ओरडले, आणि तेवढ्यात माझी झाळ उकलली. पाणी आत झिरपलं, पांढरा धूर निघाला, इंजिन गप्प.

दुकानदार आला तोच भांडायच्या तयारीने. “तुम्हीच तापवलंत. माझा माल सोन्यासारखा.”

“सोन्यासारखा? मग घाला की गळ्यात!” ताई हटल्या नाहीत.

शेवटी मिस्त्रीकाका म्हणतील ते खरं, असं दोघांनी कबूल केलं. काका आले. पार पिकले होते. त्यांनी मला उतरवलं, रॉकेल फासून पुसलं, वर खडूची पूड भुरभुरली. पांढऱ्या पुडीतून ओली, काळी रेघ वर आली. तिथला रंग खरवडला, तर खाली पिवळं पितळ.

“बघा! यांनीच कुणाकडून तरी झाळून घेतलंय,” दुकानदार म्हणाला.

काकांचं बोट रेघेवर थांबलं. त्यांनी मला ओळखलं होतं. ते गप्प राहिले असते, तर त्यांचं नाव राहिलं असतं आणि ताई खोट्या ठरल्या असत्या.

“झाळ माझी आहे,” काका म्हणाले. “बारा वर्षांपूर्वीची. खूण मारायला हवी होती, मारली नाही. माझं चुकलं. पण शेठ, ‘कधीही दुरुस्ती नाही’ हे तुम्ही कुणाला विचारून लिहिलंत?”

“सगळेच लिहितात हो...” दुकानदाराची मान खाली गेली. “चुकलं, ताई. हिला परत नेतो. दुसरं हेड शोधून देतो.”

“मिळेल?”

“मिळालंच तर महिने लागतील,” काका म्हणाले.

खिडकीतून वडिलांचा आवाज आला, “मिटलं का गं एकदाचं?”

“हो बाबा. आपलंच खरं ठरलं.”

“मग लाव की चालू!”

तिघांपैकी कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

त्याला आठवडा झाला. मी अंगणातच पडून आहे. उद्या दुकानदाराचा टेम्पो येईल. जाताना एवढंच सांगते, जुनी वस्तू कुणाच्या हाती द्याल, तेव्हा तिचं दुखणंही सांगून द्या. घेणाऱ्यापाशी किती दिवस उरलेत, ते तुम्हाला माहीत नसतं.

रोज तिन्हीसांजेला वडील विचारायचे, “आज लावतेस ना?” आणि ताई म्हणायच्या, “उद्या नक्की, बाबा.”

आज त्यांनी विचारलं नाही.